लिपस्टिकवर रुसलेल्या मॅन्सनच्या चाहत्यांना खुलं पत्र

मित्रहो,

स. न. वि. वि.

अमेरिकन रॉक गायक मॅरिलिन मॅन्सनच्या 'मेकॅनिकल ॲनिमल्स'चं नाव निघालं की तुमच्यातला कुणी ना कुणी सुस्कारा टाकतोच : "तिथेच संपला तो." अल्बम सप्टेंबर १९९८ चा. तेव्हा हे म्हणणारे आता पन्नाशीकडे झुकलेत, काहींची मुलं कॉलेजात आहेत, पण वाक्य जागचं हललेलं नाही. त्यांच्याकडून ऐकून ते पुढच्या पोरांनी उचललं, ज्यांचा त्या साली जन्मही झाला नव्हता. मॅन्सन खरा कुठवर, तर 'अँटिख्राइस्ट सुपरस्टार' या आधीच्या अल्बमपर्यंत. मग चंदेरी कपडे आले, लाल केस आले, लिपस्टिक आली आणि खेळ खलास.

तुमचा तेव्हाचा राग खोटा होता असं मी म्हणत नाही. तो कशावर निघाला आणि पुढे कशावर निघाला नाही, हे मात्र मला तुमच्यासमोर मांडायचं आहे. मीही याच कळपातला, तेव्हा परक्याने शिकवलेलं शहाणपण म्हणून हे वाचू नका.

आधी तुमची बाजू मांडतो, कारण हल्ली ती कुणी मांडतच नाही. आज बरेच समीक्षक हा अल्बम त्याच्या उत्तम कामात धरतात आणि तेव्हा नाराज झालेल्यांना अडाणी ठरवून मोकळे होतात. पण आधीची दोन वर्षं आठवून बघा. ऑक्टोबर १९९६ मध्ये 'अँटिख्राइस्ट सुपरस्टार' आला. नाइन इंच नेल्स बँडवाल्या ट्रेंट रेझनरच्या नथिंग रेकॉर्ड्स या कंपनीतर्फे, त्याच्याच न्यू ऑर्लिन्सच्या स्टुडिओत, त्याच्याच देखरेखीखाली घडलेला. खरवडल्यासारखी गिटार, आवाजावर आवाजांचे थर, शेवटाला नुसता गोंगाट. तो गोंगाट ऐकणाऱ्याला अमेरिकेत किंमत मोजावी लागत होती. या बँडच्या कार्यक्रमात प्राण्यांचे बळी देतात, अशी धडधडीत खोटी प्रतिज्ञापत्रं १९९७ मध्ये फिरवली गेली. साउथ कॅरोलायनात बँडने वाजवू नये म्हणून त्यांच्या हातावर ४०,००० डॉलर ठेवले गेले. ओहायोतल्या व्हॅन वर्ट गावात एका विद्यार्थ्याला मॅन्सनच्या टी-शर्टावरून शाळेने परत पाठवलं, तो पुन्हापुन्हा तसेच शर्ट घालून गेला, प्रकरण कोर्टात पोचलं आणि २००० साली अपील न्यायालयाने शाळेची बाजू उचलून धरली. मॅन्सन स्वतःही ओहायोचाच, कँटनचा, ही त्यातली गंमत. आपल्याकडे एवढं काही घडलं नाही. फार तर आईने तो काळा शर्ट फरशी पुसायला घेतला.

एका काळ्या शर्टापायी वर्ग सोडावा लागलेल्या पोराच्या नजरेतून १९९८ पाहा. ज्याच्यासाठी हे सगळं सोसलं तो हॉलिवूडला राहायला गेला, नट्यांच्या घोळक्यात दिसू लागला, रेझनरशी बिनसून बसला, आणि एमटीव्हीच्या पुरस्कार सोहळ्यात चकचकीत पोशाखात उभा राहून 'द डोप शो' गाऊ लागला. निर्माता म्हणून घेतला मायकल बाइनहॉर्न, ज्याने त्याच महिन्यात आलेला होल बँडचा 'सेलिब्रिटी स्किन' केला होता. आवाज धुऊन पुसून लख्ख. अल्बम पहिल्याच आठवड्यात बिलबोर्डच्या, म्हणजे अमेरिकेतल्या खपाच्या, यादीत पहिला. शाळेत ज्यांनी तुम्हाला छळलं तेच आता ती सीडी घेत होते. राग येणार नाही तर काय होणार?

रागाची पहिली ठिणगी बहुधा मुखपृष्ठाने टाकली. राखाडी-पांढऱ्या कातडीचा, स्तन असलेला, एका हाताला सहा बोटं असलेला तो देह. ना पुरुष, ना बाई, ना नीट माणूस. पालकांना सावध करणारी पट्टी असलेले अल्बम वॉलमार्ट ठेवतच नसे, त्यामुळे तिथे हा मिळण्याचा प्रश्न नव्हता. पण या खेपेला नाकं मुरडायला सनातन्यांसोबत आपलेच लोकही होते. बायबल फाडलेलं चाललं, अंगावर जखमा केलेल्या चालल्या, पण छाती दिसली आणि मंडळी बिथरली. "हिजडा झाला" हे वाक्य मी पाद्र्याच्या तोंडून ऐकलेलं नाही. ते कुणाच्या तोंडून ऐकलं हे तुम्हालाही ठाऊक आहे.

याची चीड येते, कारण नटीची झगमग या बँडमध्ये पहिल्या दिवसापासून होती. ब्रायन वॉर्नरने, म्हणजे मॅन्सननेच, १९८९ मध्ये फ्लोरिडात बँड काढला तेव्हाच नटी मॅरिलिन मन्रो आणि खुनी टोळीचा म्होरक्या चार्ल्स मॅन्सन ही दोन नावं एकत्र बांधली. पाठोपाठ बँडमधल्या साथीदारांची नावंही तशीच, ट्विगी रामिरेझ, जिंजर फिश, मॅडोना वेन गेसी : पुढे सौंदर्यवती, मागे खुनी. तुम्ही इतकी वर्षं मागच्या अर्ध्यावर जीव टाकत होतात. १९९८ मध्ये पुढचा अर्धा समोर आला.

आता गाण्यांकडे येतो, कारण खरं भांडण तिथे आहे आणि ते नीट झालंच नाही. अल्बममध्ये चौदा गाणी आहेत आणि ती दोन वेगळ्या गायकांची आहेत असं मानून तो रचलेला आहे. सात गाणी ओमेगाची. ओमेगा म्हणजे आकाशातून पडलेला, पकडला गेलेला, कंपनीने रंगवून मंचावर उभा केलेला तारा. 'द डोप शो'च्या व्हिडिओत हाच दिसतो. उरलेली सात अल्फाची, म्हणजे जवळपास खुद्द मॅन्सनचीच : बधिर झालेल्या माणसाला पुन्हा काहीतरी जाणवू लागतं आणि ते त्याला झेपत नाही. सीडीची पुस्तिकाही दुतोंडी होती. उलटी घातली की मुखपृष्ठावर 'ओमेगा अँड द मेकॅनिकल ॲनिमल्स' असा दुसराच बँड, त्याच्या सात गाण्यांसह. डबीचं प्लास्टिक निळं, आणि पुस्तिकेतली काही अक्षरं त्या निळ्यातून पाहिल्याशिवाय वाचता येत नसत.

आपल्यापैकी किती जणांच्या हाती ती निळी डबी आली? बहुतेकांनी हा अल्बम कुणाकडून तरी भरून घेतलेल्या कॅसेटवर ऐकला, नाहीतर पुढे कधीतरी दीडदोनशे गाण्यांच्या एमपीथ्री सीडीवर, जिथे गाणी वर्णानुक्रमे लागलेली. म्हणजे नाटक ऐकलं, पण कोणतं वाक्य कोणत्या पात्राचं हे लिहिलेला कागदच हाती नव्हता. त्यातून तीन गाणी टीव्हीवर सारखी वाजायची : 'द डोप शो', 'आय डोन्ट लाइक द ड्रग्ज', 'रॉक इज डेड'. तिन्ही ओमेगाची. शेवटचं तर १९९९ मध्ये 'द मॅट्रिक्स' सिनेमाच्या अखेरीस वाजलं आणि कधी मॅन्सन न ऐकलेल्यांनाही पाठ झालं. विकला गेलेल्या माणसाचं सोंग घेऊन म्हटलेली गाणी ऐकून तुम्ही ठरवलं, हा विकला गेला.

पण "पोकळपणा मुद्दामच आहे" हा बचावही मला पुरता पटत नाही. गाणं कंटाळवाणं असेल तर ते ओमेगाच्या नावावर टाकून सुधारत नाही. 'यूजर फ्रेंडली' मी आजही पुढे ढकलतो. 'न्यू मॉडेल नंबर १५' मध्ये एक चांगली चाल आहे आणि ती दोन मिनिटांत संपते. गाणं त्यानंतरही चालूच राहतं. शिवाय विकले जाण्याची टर उडवत उडवत विकलं जाणं ही फारच सोयीची जागा आहे. टाळ्या पडल्या तर आपल्या, शिव्या पडल्या तर पात्राच्या. या सोयीबद्दल पुढे बोलायचंच आहे, ती लक्षात ठेवा.

अल्फाच्या गाण्यांबद्दल मात्र मी हट्ट सोडणार नाही. 'ग्रेट बिग व्हाइट वर्ल्ड' सुरू होतं तेव्हा त्यात आरडाओरडा नाही, थंडी आहे. 'डिसअसोसिएटिव्ह'मधला अंतराळात सुटून गेलेला माणूस, 'द स्पीड ऑफ पेन'मधली साधी अकूस्टिक गिटार आणि मागून येणारे बायकांचे आवाज, 'द लास्ट डे ऑन अर्थ'मधला तो जवळजवळ प्रेमगीताचा सूर. संगीत बरंचसं ट्विगीचं आहे आणि ते इंग्लिश गायक डेव्हिड बोवीच्या सत्तरच्या दशकातल्या अल्बमांजवळ जाऊन बसतं, हे तो लपवतही नाही. आणि शेवटी 'कोमा व्हाइट'. आधीच्या अल्बमात तो जगाला घाबरवत होता. इथे तो स्वतः घाबरलेला आहे. ज्या पोरांना शाळेत एकटं पाडलं जात होतं त्यांच्या उपयोगाचं गाणं कुठलं, तर माझ्या मते हे. पण ते ऐकायला टीव्हीवरची गाणी ओलांडून कॅसेटच्या टोकापर्यंत जावं लागत होतं, आणि बरेच जण तोवर थांबलेच नाहीत.

ग्लॅम, म्हणजे चमकी-रंगरंगोटी करून गायचं हे रॉक, म्हणजे तडजोड, गुळगुळीतपणा, असं तुमच्या बोलण्यात नेहमी येतं. त्यावर इंग्लंडातली एक हकिकत सांगण्याजोगी आहे. मार्क बोलन साठच्या दशकाच्या शेवटाला टायरॅनोसॉरस रेक्स या नावाने सतरंजीवर बसून अकूस्टिक गिटारवर पऱ्यांची नि चेटक्यांची गाणी म्हणायचा. त्याचा चाहतावर्ग छोटा, निष्ठावान, लांब केसांचा. रेडिओवर निवेदक जॉन पीलने त्याला डोक्यावर घेतलं होतं. मग बोलनने इलेक्ट्रिक गिटार धरली, बँडचं नाव तोडून टी. रेक्स केलं, आणि १९७१ मध्ये 'हॉट लव्ह' म्हणायला टीव्हीवर आला तेव्हा डोळ्यांखाली चमकी लावून आला. ग्लॅमचा जन्म त्या चमकीपासून धरतात. जुन्या चाहत्यांनी गद्दार म्हटलं. पीललाही पुढचं 'गेट इट ऑन' आवडलं नाही आणि दोघांची मैत्री विझत गेली. म्हणजे ही शैली जन्मली तीच चाहत्यांच्या शिव्या खात. दोन वर्षांनी, जुलै १९७३ मध्ये, लंडनच्या हॅमरस्मिथ ओडियनमध्ये बोवीने भर कार्यक्रमात आपल्या झिगी या मंचावरच्या पात्राला निरोप दिला तेव्हा पोरं रडली होती. मॅन्सनने हे सगळं उचललं, आणि मला वाटतं कपड्यांसोबत ते जुनं भांडणही उचललं. तुमचा राग त्याच्या हिशेबात धरलेला होता.

तुम्हाला हवा होता तो मॅन्सन परत मिळाला, तेही सांगून टाकतो. नोव्हेंबर २००० मध्ये 'होली वूड' आला. काळा, जड, रागीट. त्याआधी एप्रिल १९९९ मध्ये कोलंबाइनच्या शाळेत हत्याकांड झालं होतं, मारेकरी मॅन्सनचे भक्त असल्याच्या बातम्या उठल्या होत्या, त्या पुढे खोट्या निघाल्या, पण तोवर त्याला दौऱ्याचे उरलेले कार्यक्रम रद्द करावे लागले होते. 'होली वूड' हे त्याला दिलेलं उत्तर होतं आणि माझ्या मते त्याचं सर्वांत नेटकं काम. बिलबोर्डवर तो तेराव्या क्रमांकावर आला. झगमगीत अल्बम पहिला, काळा तेरावा. जुना मॅन्सन परत आणा म्हणणारे त्या आठवड्यात कुठे होते? त्याच सुमारास त्याने जाहीर केलं की तिन्ही अल्बम मिळून एकच कथा आहे, आणि ती उलटी वाचायची : 'होली वूड' पहिला भाग, 'मेकॅनिकल ॲनिमल्स' मधला, 'अँटिख्राइस्ट' शेवटचा. ही योजना आधीपासून होती की मागाहून सुचली, मला शंका आहे. तरी त्या क्रमाने ऐकून पाहा, जमतं.

आता ती सोय.

१ फेब्रुवारी २०२१ रोजी अभिनेत्री इव्हान रेचल वूडने मॅन्सनचं नाव घेऊन सांगितलं की त्याने वर्षानुवर्षं आपला छळ केला. तिच्या पाठोपाठ इतर स्त्रियाही पुढे आल्या. त्याची तेव्हाची रेकॉर्ड कंपनी लोमा व्हिस्टाने त्याच दिवशी त्याच्याशी संबंध तोडले. त्याने सगळे आरोप नाकारले आणि आजही नाकारतो. त्या दिवसांत आपल्या मंडळींत काय चाललं होतं ते मला चांगलं आठवतं. "मंचावरचा वेगळा, घरातला वेगळा." "ते पात्र आहे, पात्राची भाषा माणसाला कशी लावता?" "कला वेगळी, कलाकार वेगळा." हे म्हणणाऱ्यांत आघाडीवर कोण, तर ज्यांनी १९९८ मध्ये त्याच्याशी बोलणं सोडलं होतं तेच.

हे मला गिळता येत नाही. १९९८ मध्ये तो स्वतः ओरडून सांगत होता की ओमेगा हे पात्र आहे. त्यासाठी त्याने दुसरा बँड काढला, दुसरं मुखपृष्ठ छापलं. तेव्हा तुम्ही म्हणालात, पात्रबित्र काही नाही, हा तोच आहे, हा बदलला, हा विकला गेला. लिपस्टिकच्या बाबतीत माणूस आणि सोंग यांत सुताइतकंही अंतर तुम्ही मान्य केलं नाहीत. आणि पुढे जिवंत बायका एका माणसाबद्दल बोलू लागल्या, तेव्हा कुठून एवढं अंतर सापडलं की त्यात सगळं मावलं? गिटारचा आवाज बदलला ही फसवणूक, आणि हे मात्र खाजगी? त्याला जी सोय ओमेगाने दिली होती ती त्याने एका अल्बमपुरती वापरली. आपण ती कायमची उचलली आणि त्याच्या वतीने वापरत बसलो.

आपल्या मैफलींत, गटांत मुली आहेत. त्यांतल्या बऱ्याच जणी याच अल्बममुळे आल्या, त्या सहा बोटांच्या देहामुळे आल्या, हे तुम्हाला रुचलं नाही तरी खरं आहे. कारण तिथे पहिल्यांदा या संगीतात त्यांना पुरुषीपणाची परीक्षा द्यावी लागली नाही. वूडच्या आरोपांबद्दल आधी प्रश्न विचारले ते त्यांनी. त्यांना उत्तर काय मिळालं? "तू खरी फॅन नाहीस." अठ्ठ्याण्णवमध्ये ग्लॅम आवडणाऱ्यांनाही हेच ऐकवलं जायचं.

तुम्ही त्याला ऐकणं सोडा, असं मी सांगणार नाही. मी सोडलेलं नाही. 'कोमा व्हाइट' ऐकतो आणि ऐकतो हे लपवत नाही. २०२४ चा नवा अल्बम विकत घेतला नाही आणि घेणार नाही. यात विसंगती आहे असं कुणाला वाटलं तर तो वाद घालायला मी तयार आहे. वाद घालूच नये, विषय काढूच नये, ही जी रीत आपल्यात पडली आहे ती मात्र मोडा, एवढं तुमच्याकडे मागणं आहे.

आणि एक. "कोर्टाने सोडला ना त्याला" असं हल्ली ठोकून दिलं जातं. तसं घडलेलं नाही. फौजदारी खटला उभाच राहिला नाही. जानेवारी २०२५ मध्ये लॉस एंजेलिसच्या जिल्हा सरकारी वकिलांनी आरोप दाखल न करण्याचा निर्णय जाहीर केला आणि कारणं दिली : घरगुती हिंसेच्या आरोपांची मुदत उलटून गेली आहे, आणि लैंगिक अत्याचाराचे आरोप निःसंशयपणे सिद्ध करता येणार नाहीत. त्याच निवेदनात पुढे आलेल्या स्त्रियांच्या धैर्याची दखलही घेतली होती. पुढच्या वेळी कुणी मुलगी विचारेल तेव्हा अर्धं सांगू नका. तिला हे सगळं सांगा, आणि मग तुमचं मत काय ते सांगा.

कळावे,

तुमच्यातलाच एक